फडताळ आणि साइडबोर्ड

वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें कौंडण्यपूर हें गांव रुक्मिणीचें माहेर म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीहरणाची कथा आणि आषाढीस पंढरपुरास जाणारी रुक्मिणीची पालखी, एवढें स्मरण बहुतेक वाचकांस असतेंच. परंतु डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील टेकाडांत उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९६८ सालीं महाराष्ट्र शासनातर्फे प्रसिद्ध झाला, तेव्हां भीष्मकाचा मुकुट किंवा सिंहासन कांहीं जगापुढें आलें नाहीं. अशा ठिकाणीं नेहमीं जें वर येतें तेंच येथेंही आलें. म्हणजे मुख्यतः भांडीं, आणि तींही फुटकीं. काळ्या-तांबड्या खापरांचे हे तुकडे म्हणजे कोणाच्या तरी जेवणाचीं वाडगीं व ताटल्या होत. पुराणवस्तुशास्त्रज्ञ अशा खापराची किंमत त्याच्या सौंदर्यावरून करीत नाहीं. तें कोणत्या थरांत व कशाच्या शेजारीं सांपडलें हें ठाऊक असेल, तर क्षुद्र तुकडाही साक्ष देतो; थर हरवला, कीं सुवर्णपात्रही मुकें होतें.

हा नियम दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या वस्तूंसच लागू आहे असें नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांतील लांकडी सामानासही तो तितकाच लागू आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, कारंजा येथील जुने वाडे गेल्या कांहीं दशकांत एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. वाडा पडला, कीं त्याच्या तुळया, खांब, नक्षीच्या चौकटी व कपाटें जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आणि तेथून मोठ्या शहरांतील दुकानांत ‘अँटिक’ या नांवानें मांडलीं जातात. त्या गर्दींत एक लांबट, बुटका, पायांवर उभा असलेला, मधें खण व दोहों बाजूंस झडपा असलेला आणि पाठीशीं बहुधा आरसा लावलेला असा प्रकार हमखास आढळतो. इंग्रजींत त्यास साइडबोर्ड म्हणतात. ज्या घरांतून तो निघतो, त्या घरच्या बायकामाणसांस विचारावें तर ‘तें आमचें कपबशांचें कपाट’ असें उत्तर येतें. दुकानांतील चिठ्ठीवर मात्र ‘भोजनगृहाची शोभा’ असें लिहिलेलें असतें. या दोन नांवांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. इंग्रजांच्या भोजनगृहासाठीं जन्मलेली ही वस्तु आपल्या घरांत आली ती भोजनाकरितां आली नाहीं. आणि ती कशाकरितां आली हें विसरलें, तर तिचा इतिहासही गेलाच म्हणून समजावें.

प्रथम तिच्या जन्माकडे पाहूं. इंग्रजींतील ‘कबर्ड’ हा शब्द आज बंद कपाटास लावितात. परंतु त्याचा मूळ अर्थ ‘पेले मांडण्याची फळी’ एवढाच होता. मध्ययुगीन युरोपांत सरदारांच्या भोजनाच्या दालनांत अशी फळी अथवा पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी उभी करीत व तिच्यावर सोन्यारुप्याचीं पात्रें रचून ठेवीत. हीं सर्व पात्रें वापरण्यासाठीं असत असें नाहीं. पुष्कळशीं केवळ पाहुण्यांच्या दृष्टीस पडावीं म्हणूनच असत. पंधराव्या शतकांत बर्गंडीच्या दरबारीं तर या मांडणीस किती पायऱ्या असाव्या हें यजमानाच्या दर्जावरून ठरे, आणि आपल्या दर्जाहून अधिक पायऱ्या लावणें हा मर्यादाभंग मानिला जाई. भांड्यांच्या मांडणीचा आणि माणसांच्या मानाचा संबंध असा प्रारंभापासूनचा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडेल.

आज आपण ज्याला साइडबोर्ड म्हणतों, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत आकारास आला. रॉबर्ट ॲडम या प्रसिद्ध वास्तुकारानें १७६० नंतर श्रीमंतांच्या वाड्यांसाठीं भोजनगृहाची जी रचना केली, तींत भिंतीशीं एक लांब मेज, त्याच्या दोहों बाजूंस चौथऱ्यासारखीं दोन सुटीं कपाटें आणि त्यांवर कलशाच्या आकाराचीं दोन पात्रें अशी योजना असे. एका कपाटांत ताटल्या ऊन ठेवण्याची सोय असे, दुसऱ्यांत मद्याच्या बाटल्या असत, आणि कलशांत पाणी भरलेलें असे. पुढें लहान घरांच्या सोईसाठीं हे सर्व भाग जोडून एकच वस्तु करण्यांत आली. जॉर्ज हेपलव्हाइट या सुताराचा नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें १७८८ सालीं प्रसिद्ध केला. टॉमस शेरेटन याचा ग्रंथ १७९१ पासून निघूं लागला. या ग्रंथांनीं तो नमुना गांवोगांवच्या कारागिरांच्या हातीं पोंचविला. बाटल्यांच्या खणास आंतून शिशाचा पत्रा ठोकीत, म्हणजे बर्फाच्या पाण्यानें लांकूड कुजत नसे. १७८४ सालीं इंग्लंडांत प्रवास करणाऱ्या ला रोशफूको नांवाच्या एका फ्रेंच तरुणास तर जेवणानंतर स्त्रिया उठून गेल्यावर पुरुषमंडळींच्या देहधर्माचें पात्रही याच साइडबोर्डांतून बाहेर निघतें, हें पाहून मोठा विस्मय वाटला. सोंवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्या पूर्वजांस ही माहिती असती, तर त्यांनीं या कपाटास उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकूं दिलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे!

एकोणिसाव्या शतकांत या वस्तूचें महत्त्व दोन कारणांनीं वाढलें. पूर्वीं इंग्रजी मेजवानींत सर्व पदार्थ एकदमच मेजावर मांडीत आणि पाहुणे एकमेकांस वाढीत. शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘रशियन पद्धति’ रूढ होऊं लागली. तींत पदार्थ बाजूस ठेवून तेथेंच कापावयाचे, आणि चाकरांनीं एकेक पदार्थ क्रमाक्रमानें प्रत्येकाजवळ न्यावयाचा. त्यामुळें साइडबोर्ड हें पाकगृह आणि मेज यांमधील विसाव्याचें ठिकाण झालें. दुसरें कारण म्हणजे संपत्तीचें प्रदर्शन. कारखानदारीनें श्रीमंत झालेल्या वर्गास आपलें वैभव दाखविण्यास एक मखर हवें होतें, तें या कपाटाच्या रूपानें मिळालें. पाठीमागें आरसा चढला, त्याभोंवतीं फळें, पक्षी, शिकारीचे देखावे कोरले जाऊं लागले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत वॉरिक गांवच्या कारागिरांनीं मांडलेला ‘केनिलवर्थ बफे’ हा या हौसेचा कळस होय. एलिझाबेथ राणीनें १५७५ सालीं केनिलवर्थच्या किल्ल्यास दिलेल्या भेटीचे प्रसंग त्यावर ओक लांकडांत कोरलेले आहेत. भांडीं ठेवण्याच्या फळीचें असें इतिहासाच्या चित्रशाळेंत रूपांतर झालें.

आतां आपल्या घराकडे वळूं. भांडीं ठेवण्याची सोय आपल्याकडे उणी होती असें मुळींच नाहीं. वऱ्हाडांत शेताची जमीन ती ‘काळी’ आणि गांवठाणाची ती ‘पांढरी’. पिढ्यान् पिढ्यांची वस्ती, राख व पडक्या भिंती मिसळून झालेल्या या पांढरीच्या मातीनेंच नवीं घरें उठत. मातीची भिंत उभी राहावयाची तर ती रुंद असलीच पाहिजे. आणि भिंत रुंद म्हटली, कीं तिच्या पोटांत जागाही मिळते. त्या जागेंत कोनाडे, दिवळ्या आणि लांकडी झडपांचीं फडताळें बसविलेलीं असत. धान्याडाळींच्या मडक्यांची उतरंड, दुधातुपासाठीं आढ्यास टांगलेलें शिंकें, घांसून लखलखीत केलेल्या पितळी भांड्यांसाठीं मांडणी, आणि सणावारीं लागणाऱ्या हंड्या-पातेल्यांसाठीं माजघराचा माळा, अशी ही व्यवस्था होती. तींत एक विशेष आहे. फडताळ हें घराचा अवयव असतें. तें भिंतीबरोबर जन्मतें आणि भिंतीबरोबर पडतें. साइडबोर्डास पाय आहेत. तो एका घरांतून दुसऱ्या घरांत, एका जातीच्या माणसांतून दुसऱ्या जातीच्या माणसांत चालत जाऊं शकतो. दोघांच्या इतिहासांतील सर्व भेद या एका भेदांत सांठविलेला आहे.

शिवाय आपल्याकडील हीं सर्व स्थळें सांठवणीचीं होतीं, वाढपाचीं नव्हतीं. सोंवळें पाळणाऱ्या घरांत अन्नाचा मार्ग चुलीपासून पानापर्यंत सरळ असे. वाढणारी व्यक्ति भाताची वेळणी किंवा वरणाचें ओगराळें घेऊन स्वयंपाकघरांतून निघे ती थेट पंक्तींत जाई, आणि पळसाच्या पत्रावळीवर अथवा ताटांत अन्न घालून परत चुलीशीं येई. मधें कोठें भांडें टेकविण्यास जागा नव्हती, कारण अन्नाची शुद्धता तें वाहणाऱ्या हाताच्या शुद्धतेवर अवलंबून होती. इंग्रजांच्या पद्धतींत ज्या मधल्या विसाव्यावर चाकरांच्या हाताची देवघेव होई, तोच विसावा आपल्या धर्मकल्पनेनें मुद्दाम वगळलेला होता. कुणब्याच्या घरीं सोंवळ्याचा काच इतका नसे. पण तेथेंही जेवण चुलीच्या जवळ आणि जमिनीवरच होई. जेथें पाटावर बसावयाचें, तेथें उभ्या माणसाच्या कमरेइतक्या उंच मेजाचा उपयोग काय?

दुसरी अडचण भांड्यांची होती. पितळ व कांसें राखेनें, चिंचेनें, अग्नीनें शुद्ध होतात. मातीचें भांडें एकदां उष्टें झालें, कीं तें फोडून टाकावें असा संकेत. चिनी मातीची बशी दिसावयास कितीही शुभ्र असली, तरी जातीनें मातीचीच! तेव्हां साइडबोर्डाचीं दोन्ही मूळ कामें, म्हणजे अन्न मधें टेकविणें आणि चिनी मातीचीं पात्रें मिरविणें, आपल्या स्वयंपाकघरास वर्ज्यच होतीं. असें असतां तो आला कसा?

परकें लांकडी सामान आपल्या देशांत पूर्वींपासून येत होतें, याची साक्ष भाषा देते. ‘मेज’ हा शब्द फारशींतून आला. ‘अलमारी’ पोर्तुगीजांनीं दिली. आणि हें सामान हातोहातीं फिरण्याचा जो मुख्य मार्ग, तो ‘लिलांव’ हाही शब्द पोर्तुगीजांचाच. ‘कपाट’ मात्र संस्कृत; परंतु त्याचा मूळ अर्थ दाराची झडप. म्हणजे नव्या वस्तूस नांव देतांना आपल्या लोकांनीं तिच्या पोटांत काय आहे हें पाहिलें नाहीं, तिला दार आहे एवढेंच पाहिलें; आणि हें नांव पुढें फार खरें ठरलें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस शिसवी लांकडाचें खोल कोरीव सामान करण्याचा मोठा धंदा भरभराटीस आला. देशी कारागीर तें घडवीत, आणि इंग्रज अधिकारी, पारशी सावकार व संस्थानिक तें विकत घेत. खुर्च्या, सोफे, गोल मेजें यांबरोबर साइडबोर्डही त्यांत असत, आणि त्यांवर विलायती आकृतीभोंवतीं आपल्याकडील वेलबुट्टी बिनदिक्कत पसरलेली असे.

वऱ्हाडची पाळी यानंतर आली. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमरावतीच्या कँपांत बंगले उठले, अचलपुरास लष्कराची छावणी होतीच, आणि उन्हाळ्यांत साहेबलोक चिखलदऱ्यास जाऊं लागले. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत पोंचली. पैसा, रस्ता आणि नमुना या तिन्ही गोष्टी अशा एका पिढींत एकत्र आल्या. साहेबाची बदली झाली, कीं तो आपलें जड सामान बरोबर नेत नसे. बंगल्याच्या आवारांत त्याचा लिलांव होई. तेथें बोली बोलणारे कोण? वकील, मुनसफ, मालगुजार, जिनिंगचे मालक. ज्या मेजाभोंवतीं साहेबानें त्यांस कधीं जेवावयास बसविलें नसतें, त्या मेजाच्या शेजारचा साइडबोर्ड ते रोख पैसे मोजून घरीं आणूं शकत होते. या खरेदींत नुसता शौक होता असें समजणें म्हणजे त्या पिढीवर अन्याय करणें होय. राज्यकर्त्यांच्या बरोबरीनें बसण्याचा हक्क मागणारी, १८९७ सालीं अमरावतीस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरविणारी ती पिढी होती. तिच्या दिवाणखान्यांतील सामानांतही त्या मागणीचा कांहीं अंश उतरला होता.

विलायती माल वऱ्हाडच्या हवेस मात्र टिकेना. इंग्लंडांतील कपाटें पुष्कळदां साध्या लांकडावर मॅहॉगनीचा पातळ पापुद्रा सरसानें चिकटवून केलेलीं असत. येथें वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि आषाढांत भिंतींस ओल येते. अशा हवेंत सरस सुटतो आणि पापुद्रा पोपड्यांसारखा उचलतो. तेव्हां आमच्या सुतारांनीं साहेबाचा नमुना समोर ठेवून तोच साइडबोर्ड सागवानी लांकडाचा, अंगचा भरींव असा केला. मेळघाटचें सागवान हाताशीं होतें. सागाचें लांकूड ऊन-पावसानें सहसा वांकत नाहीं, व त्यास वाळवीही लवकर लागत नाहीं. मुंग्यांसाठीं दुधाच्या जाळीच्या कपाटाप्रमाणें पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेविल्या म्हणजे झालें. बाटल्यांच्या शिशाच्या खणाचें त्याला प्रयोजन नव्हतें. त्या जागीं कुलुपाचा साधा खण बसे. नक्षींतली द्राक्षें कधीं सीताफळासारखीं दिसूं लागत. असें हें कपाट बाहेरून विलायती, पण अंगानें व स्वभावानें वऱ्हाडी झालें.

परंतु त्याची खरी परीक्षा तें घरांत कोठें ठेवावें या प्रश्नानें झाली. स्वयंपाकघरांत त्याला मज्जाव. माजघरांत स्त्रियांची सत्ता. तेव्हां तें ओटीवर किंवा दिवाणखान्यांत राहिलें. आणि तेथें त्याला एक नवें काम मिळालें: चहा! चहा हें पेय आपल्या धर्मशास्त्रानें न पाहिलेलें. तो जेवण नव्हे, म्हणून त्याला पंक्तीचे नियम पुरतेपणीं लागू होत नव्हते. पण तो अग्नीवर शिजलेला, म्हणून पुरता मोकळाही नव्हता. या कोड्याचा स्फोट १८९० सालीं पुण्यास झाला, हें सर्वविश्रुत आहे. पंचहौद मिशनमध्यें पुण्यांतील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असतां त्यांजपुढें चहा आला. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले अशीं माणसें तेथें होतीं. गोपाळराव जोशी यांनीं मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्ताच्या वादानें वर्षदोनवर्षें पुणें ढवळून निघालें. एका पेल्यानें एवढा गहजब होऊं शकतो, हें ज्या समाजानें पाहिलें, त्या समाजांत पेले कोठें ठेवावे हा प्रश्न क्षुद्र कसा असेल?

त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे साइडबोर्ड. चिनी मातीच्या कपबशा स्वयंपाकघरांतील भांड्यांत मिसळावयास नकोत, आणि घरीं येणाऱ्या साहेबास, मुसलमान स्नेह्यास, पारशी व्यापाऱ्यास चहा तर दिला पाहिजे. मग त्या कपबशा बाहेरच्या खोलींत, बाहेरच्याच कपाटांत राहाव्या. अशा रीतीनें सोंवळें स्वयंपाकघरांत अबाधित राहिलें आणि सभ्यता दिवाणखान्यांत नांदूं लागली. दोहोंच्या सीमेवर हें कपाट द्वारपाळासारखें उभें होतें. ‘कपाट’ म्हणजे दार, असें वर म्हटलें तें येथें अक्षरशः खरें झालें. इंग्रजाच्या घरीं जें पाकगृह व मेज यांस जोडीत होतें, तेंच आपल्या घरीं पाकगृह व पाहुणा यांस अलग ठेवूं लागलें. वस्तु तीच राहिली. अर्थ मात्र उलट झाला.

येथें बर्गंडीच्या दरबारांतील पायऱ्यांची आठवण वाचकांस व्हावी. आमच्या कपाटांतही पायऱ्या होत्या. आरशापुढें सोनेरी कांठाच्या कपबशा असत, त्या अधिकाऱ्यांसाठीं. कांचेच्या दाराआड जरा साध्या, त्या स्नेह्यासोबत्यांसाठीं. खालच्या झडपेआड कान तुटलेल्या, त्या कारकून-कुळांसाठीं. आणि ज्यांस उंबरठा ओलांडण्याचीच मुभा नव्हती, त्यांचा पेला या कपाटांत नसेच. तो अंगणांतील कोनाड्यांत किंवा वळचणीस खोंचलेला असे. ज्याचा त्यानें काढावा, वरून ओतलेला चहा प्यावा, धुवावा आणि परत तेथेंच ठेवावा. अमरावतीस १९२७ सालीं अंबादेवीचें मंदिर सर्व हिंदूंस खुलें व्हावें म्हणून चळवळ उभी राहिली व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं तेथें परिषद भरली, हें इतिहासांत नमूद आहे. त्या दिवसांत त्याच शहरांतील सुशिक्षित घरांच्या वळचणीस जे पेले खोंचलेले होते, त्यांची नोंद मात्र कोणत्याही बखरींत नाहीं.

याच मुलुखांत एक पुरुष असा होऊन गेला, कीं ज्याचें सर्व कपाट त्याच्या हातांत मावत होतें. शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हे पुढें गाडगे महाराज म्हणून ओळखले गेले, ते त्यांच्या हातांतील मातीच्या गाडग्यावरून. अन्न त्यांत घ्यावें, पाणी त्यांतच प्यावें. कोणी दिलें तर घ्यावें, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याचें अंगण झाडावें. मातीचें पात्र एकदां उष्टें झालें कीं टाकून द्यावें, असें म्हणणाऱ्या समाजांत तेंच पात्र घेऊन ते १९५६ पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, फिरले. साइडबोर्डाच्या सर्व पायऱ्यांस एका गाडग्यानें दिलेलें हें उत्तर होय.

पुढील कथा थोडक्यांत सांगतां येईल. गोदरेज यांनीं १९२३ सालीं पोलादी कपाटें करण्यास आरंभ केला, आणि पुढें तीं हळूहळू मध्यम वर्गाच्या घरांत शिरलीं. कुलुपाचें काम त्यांनीं घेतलें, शोभेचें काम भिंतीतल्या शोकेसनें घेतलें. कपबशा ओट्याजवळ गेल्या, कारण सोंवळें संपलें होतें किंवा निदान थकलें होतें. स्वातंत्र्यानंतर नव्या घरांत जेवणाचें मेज खरोखरच आलें, पण तें स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार पावलांवर. तेथें मधल्या विसाव्याची गरजच उरली नाहीं. दैवयोग असा, कीं ज्या मेजासाठीं साइडबोर्ड जन्मला, तें मेज आमच्या घरीं आलें तेव्हां साइडबोर्ड माळ्यावर जाऊन पडला होता. आज दुकानदार तो परत भोजनगृहांत आणूं पाहत आहे; आणि घेणारे समजतात कीं आपण पूर्वजांची रीत पाळीत आहों. पूर्वजांनीं त्याच्या शेजारीं बसून एक घांसही खाल्ला नव्हता!

अशी वस्तु ज्यांच्या घरीं असेल किंवा ज्यांस घेण्याची इच्छा असेल, त्यांनीं ती बाहेरून नव्हे, आंतून वाचावी. खण पुरता ओढून काढावा व त्याचे कोपरे पाहावे. हातानें केलेले सांधे किंचित् विषम असतात. यंत्राचे सर्व सारखे. न रंधलेल्या बाजूस करवतीच्या खुणा सरळ पण वेड्यावांकड्या अंतरावर असतील तर लांकूड दोन माणसांनीं हातांनीं कापलेलें. खुणा कमानीसारख्या असतील तर गोल करवतीच्या गिरणींतील. मळसूत्राच्या खिळ्याचें टोंक बोथट असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा. अणकुचीदार असेल तर त्यानंतरचा. पाठ प्लायवुडची असेल, तर तें कपाट किंवा निदान ती पाठ विसाव्या शतकांतील. खणाच्या तळाशीं जुनें वर्तमानपत्र अंथरलेलें असेल तर त्यावरील तारीख उतरून घ्यावी. तो कागद त्या तारखेपूर्वीं तेथें अंथरलेला नाहीं, याचा तो लेखी पुरावा आहे. फळीवरील वर्तुळाकार डाग मात्र पॉलिशवाल्याच्या हातीं देऊं नयेत. ते डाग म्हणजेच त्याचा थर होय.

कोणी म्हणेल, परक्या राज्यकर्त्यांच्या अनुकरणाची ही निशाणी. ती गेली तर बिघडलें काय? दुसरा म्हणेल, वळचणीच्या पेल्यांची आठवण कशास उकरावयाची? दोघांचेंही म्हणणें प्रामाणिक आहे, पण दोघेही एकच गोष्ट विसरतात. ज्या वस्तूनें पूर्वजांचा गौरव होतो तेवढीच राखावी असें ठरविलें, तर उरतो तो इतिहास नव्हे, तें मखर होय. या एकाच कपाटांत आपल्या एका पिढीची महत्त्वाकांक्षा, तिचें सौजन्य आणि तिचा अन्याय हीं तिन्ही शेजारशेजारच्या कप्प्यांत ठेविलेलीं आहेत. एक कप्पा उघडा ठेवून दुसऱ्यास कुलूप लावितां येणार नाहीं.

१९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तु परदेशीं नेण्यास बंधन घातलेलें आहे. पण अमरावतीची वस्तु मुंबईस गेली म्हणजे तींतून जें जातें, त्यास कोणताही कायदा अडवूं शकत नाहीं. तें फक्त घरच्यांस अडवितां येईल. कपाट विकावें लागलें तर अवश्य विकावें. लहान घरांत तें मावत नाहीं, हें कोणास कळत नाहीं? मात्र देण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. तें कोणत्या गांवच्या कोणत्या वाड्यांत, कोणत्या खोलींत होतें. तें लिलांवांत घेतलें कीं घरच्या सुतारानें केलें. कोणत्या कप्प्यांतील कपबशी कोणाच्या हातीं दिली जाई. आणि कोणाची बशी त्या कपाटाबाहेर ठेविली जाई, एवढें घरांतील वृद्ध माणसांस विचारून लिहावें. त्याची एक प्रत आपणाजवळ ठेवावी व दुसरी त्या खणांत. कौंडण्यपूरच्या टेकाडांतील खापरांस आपला थर जपण्यास मातीनें साहाय्य केलें. आपल्या वस्तूंचा थर आपल्यासच लिहून ठेवावा लागेल, आणि तो सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवरच तें साधेल.